आसनक्रम आणि गावाचा इतिहास : रिचर्ड गॉफच्या ‘मिडल’विषयक ग्रंथाची चिकित्सा

प्रास्ताविक

गावाचा इतिहास लिहायचा म्हणजे नेमके काय लिहायचे, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. परंतु पदवी वर्गातील विद्यार्थ्यांना ‘माझ्या गावाचा इतिहास’ हा विषय प्रकल्पासाठी दिला की या प्रश्नाची अवघडता लक्षात येते. हाती येणाऱ्या बहुतेक प्रकल्पांत गावाच्या नावाची व्युत्पत्ती असते, ग्रामदैवताची आख्यायिका असते, एखाद्या कर्तबगार घराण्याचा गौरव असतो आणि शेवटी शाळा, सोसायटी व पाणीपुरवठा योजनांची यादी असते. गावात राहणारी माणसे मात्र त्यात अभावानेच आढळतात. कोणाचे शेत कोणाकडे गेले, का गेले, कोण गाव सोडून गेले आणि कोणाला गावाने सामावून घेतले नाही, याविषयी हे प्रकल्प मौन बाळगतात. हे मौन केवळ विद्यार्थ्यांच्या अननुभवाचे नसून स्थानिक इतिहासलेखनाच्या एका दीर्घ परंपरेचे आहे.

या परंपरेला छेद देणारा एक ग्रंथ तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका लहानशा खेड्यात लिहिला गेला. श्रॉपशायर परगण्याच्या उत्तर भागात, श्रूझबरी या शहराच्या उत्तरेस सुमारे 8 मैलांवर ‘मिडल’ नावाचे खेडे आहे. या खेड्याचा व त्याच्या पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या अधिकारक्षेत्रात येणाऱ्या वाड्या-वस्त्यांचा, वृत्तान्त रिचर्ड गॉफ या स्थानिक रहिवाशाने 1700 ते 1702 या काळात लिहून काढला. प्रस्तुत निबंधात या ग्रंथाच्या रचनातत्त्वाची चिकित्सा करून त्याचे सामर्थ्य आणि मर्यादा या दोन्हींचे मूळ त्या रचनेतच कसे आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखक आणि ग्रंथाची सिद्धता

रिचर्ड गॉफचा जन्म 1635 साली मिडल पॅरिशमधील न्यूटन ऑन द हिल या वाडीत झाला. त्याचे घराणे स्वतःच्या मालकीची जमीन कसणाऱ्या मध्यम शेतकऱ्यांचे होते. त्याने लॅटिनचे चांगले शिक्षण घेतले होते आणि स्टॅनवर्डिन येथील रॉबर्ट कॉर्बेट या न्यायाधिकारपदावरील जमीनदाराकडे कारकून म्हणून काम केले होते. या पार्श्वभूमीमुळे त्याच्या ठायी दोन गुणांचा संगम झाला. गावातील माणूस म्हणून त्याला घराघरांतील गोष्टी ठाऊक होत्या आणि कारकून म्हणून कागदपत्रे वाचण्याची, तपासण्याची शिस्त त्याच्या अंगी बाणली होती. वयाची पासष्टी गाठल्यानंतर त्याने लेखणी हाती घेतली. 1723 मध्ये त्याचे निधन झाले तेव्हा ग्रंथ हस्तलिखित स्वरूपातच होता. सर थॉमस फिलिप्स यांनी 1834 मध्ये त्याची अपूर्ण आवृत्ती काढली आणि संपूर्ण ग्रंथ 1875 मध्ये छापला गेला. विसाव्या शतकात डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांच्या प्रस्तावनेसह 1968 मध्ये आणि डेव्हिड हे यांच्या संपादनाखाली 1981 मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध झाला.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. 1700 मध्ये लिहिलेला पहिला भाग त्या काळच्या प्रचलित पद्धतीस धरून आहे. पॅरिशच्या सीमा, चर्च, धर्मगुरू, किल्ला, जमीनदारी हक्क यांची माहिती त्यात क्रमाने येते. मिडलच्या किल्ल्याशी संबंधित असलेल्या आणि 1491 मध्ये कायद्याच्या संरक्षणाबाहेर घोषित झालेल्या हम्फ्री किनॅस्टन याचा वृत्तान्तही यात आहे. या भागापुरतेच गॉफने लिहिले असते तर त्याची गणना असंख्य पुराणवस्तुप्रेमी लेखकांत झाली असती. सर विल्यम डग्डेल यांच्या वॉरिकशायरविषयक ग्रंथाने 1656 मध्ये परगण्याच्या इतिहासाचा जो आदर्श घालून दिला होता, त्यात उमराव घराण्यांच्या वंशावळी, चिन्हे, थडगी आणि जमीनदारीचे हस्तांतरण यांनाच स्थान होते. कूळ, मजूर, लोहार, शिंपी यांना तेथे प्रवेश नव्हता. गॉफचे वेगळेपण प्रकट होते ते दुसऱ्या भागात.

रचनातत्त्व : चर्चमधील बाकांचा आराखडा

दुसऱ्या भागाच्या आरंभी गॉफ मिडलच्या चर्चमधील बाकांचा आराखडा देतो आणि मग एकेक बाक घेऊन त्यावर बसण्याचा हक्क असलेल्या कुटुंबांची हकीकत सांगतो. ही कल्पना आज चमत्कारिक वाटली तरी तत्कालीन ग्रामव्यवस्थेत तिला भक्कम आधार होता. चर्चमधील आसनाचा हक्क प्रामुख्याने घराशी आणि शेताशी निगडित असे. घर बदलले की आसन बदले. पुढील बाक जमीनदार घराण्यांचे, त्यामागील बाक स्वमालकीच्या शेतकऱ्यांचे व मोठ्या कुळांचे, आणि अगदी मागे व कडेला झोपडीवजा घरांत राहणाऱ्या गरिबांचे, असा हा क्रम होता. दर रविवारी संपूर्ण गाव आपली सामाजिक उतरंड स्वतःच्या डोळ्यांनी पाहत असे. आपल्याकडील जुन्या महजरांत व निवाडपत्रांत सणांच्या मानपानावरून झालेले तंटे ज्यांनी वाचले आहेत, त्यांना आसनावरून होणाऱ्या वादांचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. असे वाद मिटावेत म्हणून नोंद करणे हा गॉफचा व्यावहारिक हेतू होता. परंतु हेतू व्यावहारिक असला तरी परिणाम इतिहासलेखनाच्या दृष्टीने क्रांतिकारक झाला.

या रचनेमुळे तीन गोष्टी साधल्या. पहिली गोष्ट म्हणजे राजांच्या कारकिर्दी अथवा शतके यांऐवजी घर हे इतिहासाचे एकक बनले. दुसरी गोष्ट अशी की, पुढच्या बाकापासून सुरुवात केल्यावर शेवटच्या बाकापर्यंत जाणे लेखकाला भाग पडले. आराखड्यात ज्याला जागा आहे त्याला ग्रंथात जागा देणे अपरिहार्य ठरले. डग्डेलच्या परंपरेत ज्या झोपडीवासीयांचे नावही आले नसते, ते गॉफच्या ग्रंथात आजा-पणजासह येतात. तिसरी गोष्ट म्हणजे एकाच बाकावर पिढ्यानुपिढ्या बदलत गेलेली कुटुंबे नोंदविल्यामुळे गाव स्थिर नसून सतत हलणारे आहे, हे आपोआप सिद्ध होते. बाक तेथेच राहतो, बसणारी माणसे बदलतात. हे निरीक्षण गॉफ सिद्धान्ताच्या भाषेत मांडत नाही, पण त्याची रचनाच ते मांडते. म्हणूनच या ग्रंथाकडे केवळ मनोरंजक किश्श्यांचा संग्रह म्हणून किंवा केवळ माहितीची खाण म्हणून पाहणे अन्यायकारक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

व्यक्तिचित्रण आणि निवेदन

गॉफची शैली मितभाषी व कोरडी आहे. विनोद करीत असल्याचा आविर्भाव तो कधीच आणत नाही. विल्यम क्रॉस व त्याची पत्नी दोघेही मद्यपानाच्या आहारी गेले आणि रोज गुत्त्यावर जाऊ लागले, हे सांगितल्यावर त्याच दमात त्यांच्या गाईही लवकरच त्याच वाटेने गेल्या, असे तो नोंदवितो. एका कुटुंबाच्या विनाशाची संपूर्ण आर्थिक प्रक्रिया त्या एका नोंदीत सामावली आहे. रीस वेनलॉक हा शेजाऱ्यांच्या कुंपणाची लाकडे चोरीत असे. एका नोकराने एक वाळलेले लाकूड पोखरून त्यात बंदुकीची दारू भरली आणि ते चोरीस जाईल अशा बेताने ठेवले. परिणामी वेनलॉकच्या भट्टीचा माथा उडाला. गावातील न्याय हा न्यायालयाबाहेर कसा चालत असे, याचे हे उदाहरण होय.

याहून अर्थपूर्ण प्रसंग जॉन ॲस्टन या कोंबडीचोराचा आहे. बुद्धीने मंद व आळशी अशा या माणसावर 24 कोंबड्या-कोंबडे चोरल्याचा खटला झाला. तत्कालीन कायद्यानुसार 12 पेन्सांपर्यंतची चोरी किरकोळ गणली जाई. त्याहून अधिक मूल्याच्या चोरीस देहान्त शिक्षेचे भय होते. गुन्हा तर सिद्ध झालेला होता. न्यायाधीशांनी पंचांना मुद्देमालाच्या किमतीचा विचार करण्यास सुचविले आणि पंचांनी ती 11 पेन्स ठरविली. या भागात कोंबड्या इतक्या स्वस्त आहेत हे ऐकून न्यायाधीश मनसोक्त हसले, असे गॉफ सांगतो. कायदा कठोर होता, पण तो राबविणारी माणसे त्या कठोरतेतून वाट काढीत होती. कायद्याच्या ग्रंथांवरून हे कळत नाही. त्यासाठी गॉफसारखा निवेदकच लागतो.

गावातून दिसलेले यादवी युद्ध

इंग्लंडमधील यादवी युद्ध 1642 मध्ये सुरू झाले तेव्हा गॉफ शाळकरी मुलगा होता. मिडलच्या टेकडीवर राजाच्या बाजूने सैन्यभरतीसाठी लोकांना जमविण्यात आले, तो प्रसंग त्याने स्वतः पाहिला. पुढे गावातील चकमकीत गोळी लागलेला राजपक्षाचा एक अधिकारी पडलेला आणि त्याचे रक्त जमिनीवरून वाहत असलेले त्याने पाहिले. या आठवणी साठ वर्षांनंतर लिहिताना तो युद्धाची कारणमीमांसा करीत नाही, पक्षांचे समर्थन करीत नाही. तो मोजतो. मिडल, मार्टन व न्यूटन या तीन वाड्यांतून राजाच्या सैन्यात 20 माणसे गेली आणि त्यांपैकी 13 मारली गेली, असे सांगून तो त्यांची नावे देतो. जॉन मोल्ड नावाचा तरुण पायात गोळी लागून परत आला आणि त्याचा पाय जन्मभर वाकडा राहिला, हेही तो विसरत नाही. एवढ्याशा तीन वाड्यांतून इतकी माणसे गेली असतील तर संपूर्ण देशात किती हजार गेली असतील, असा प्रश्न तो उपस्थित करतो. सेनापतींच्या चरित्रांतून जे युद्ध दिसते त्याहून हे युद्ध वेगळे आहे. स्थानिक इतिहास हा राष्ट्रीय इतिहासाचे परिशिष्ट नसून त्याची कसोटी होऊ शकतो, हे या एका उताऱ्यावरून स्पष्ट होते.

विश्वसनीयतेचा प्रश्न

गॉफची साधने दोन प्रकारची आहेत. भाडेपट्टे, खरेदीखते व पॅरिशची कागदपत्रे ही एका बाजूस आणि स्वतःची स्मृती व वृद्धांनी सांगितलेल्या गोष्टी दुसऱ्या बाजूस. या दोहोंचे मिश्रण सर्वत्र सारखे विश्वसनीय नाही. थॉमस एल्क्स याने मालमत्तेच्या लोभाने आपल्या भावाच्या मुलाला पाण्याच्या बादलीत बुडवून मारले व तो लंडनच्या दिशेने पळाला, तेव्हा दोन डोमकावळे त्याचा पाठलाग करीत राहिले आणि त्यामुळे तो पकडला गेला, ही कथा तो भाडेपट्ट्याच्या तपशिलाइतक्याच शांतपणे सांगतो. येथे इतिहास आणि नीतिकथा यांची सीमारेषा पुसट होते.

तथापि एवढ्यावरून ग्रंथ अविश्वसनीय ठरत नाही. डेव्हिड हे यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ॲन इंग्लिश रूरल कम्युनिटी’ या अभ्यासात पॅरिशच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, मृत्युपत्रे, मालमत्तेच्या याद्या व जमीनदारीची कागदपत्रे यांच्याशी गॉफचे कथन ताडून पाहिले आणि ते बव्हंशी विश्वासार्ह असल्याचा निर्वाळा दिला. शिवाय डोमकावळ्यांची कथा घटनेचा पुरावा म्हणून दुबळी असली तरी गावाच्या न्यायकल्पनेचा पुरावा म्हणून मोलाची आहे. रक्ताचा गुन्हा लपत नाही, ही श्रद्धा त्या समाजात किती खोल होती, हे ती सांगते.

खरी उणीव अन्यत्र आहे. कुटुंबांच्या ऱ्हासाची कारणे देताना गॉफ जवळजवळ नेहमी नैतिक कारणाकडे वळतो. दारू, आळस, उधळपट्टी, चुकीचा विवाह ही त्याची ठरावीक उत्तरे होत. परंतु त्याच्याच तपशिलांत दुसरे उत्तर दडलेले आहे. मिडलमधील पुष्कळ जमीन तीन व्यक्तींच्या हयातीपर्यंतच्या भाडेपट्ट्याने दिलेली असे. पट्ट्यात नाव असलेली व्यक्ती मरण पावली की नवे नाव घालण्यासाठी जमीनदाराला मोठी रक्कम द्यावी लागे. अकाली मृत्यू आणि रोख रकमेचा अभाव यांमुळे निर्व्यसनी कुटुंबही जमिनीस मुकू शके. गॉफ हे भाडेपट्टे काटेकोरपणे नोंदवितो, पण त्यांचा ऱ्हासाशी असलेला संबंध जोडत नाही. तो जोडण्याचे काम वाचकाला करावे लागते.

स्त्रियांच्या बाबतीत ही नैतिक दृष्टी अधिकच एकांगी होते. थॉमस हेवर्ड हा गृहस्थ गुत्त्यावर रमू लागला याचे कारण घरात त्याला शांतता नव्हती, पत्नीची जीभ तिखट होती, असे गॉफ म्हणतो. हेवर्डच्या पत्नीला या शांततेच्या अभावाविषयी काय म्हणावयाचे होते, हे विचारण्याची त्याला गरज भासत नाही. पुरुषाच्या व्यसनाचे स्पष्टीकरण स्त्रीच्या स्वभावात शोधण्याची ही रीत केवळ सतराव्या शतकापुरती किंवा इंग्लंडपुरती मर्यादित नाही, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आसनाबाहेरची माणसे

ज्या रचनेने गॉफला शेवटच्या बाकापर्यंत नेले, तीच रचना त्याला तेथे थांबविते. ज्यांना बाकच नाही त्यांचे काय? याचे उत्तर ग्रंथाच्या अखेरच्या भागात, काहीशा अनपेक्षितपणे, मिळते. 1601 च्या गरीबविषयक कायद्याने निराधारांच्या पालनपोषणाची जबाबदारी पॅरिशवर टाकली होती. 1662 च्या वास्तव्यविषयक कायद्याने असे ठरविले की, पॅरिशवर भार होईल अशी शंका असलेल्या नवागतास, त्याने वार्षिक 10 पौंड भाड्याची जागा घेतलेली नसल्यास, आल्यापासून 40 दिवसांच्या आत तक्रार झाली तर परत पाठविता येईल. परिणामी एखादा गरीब कोणत्या पॅरिशचा, यावरून पॅरिशा-पॅरिशांत खटले सुरू झाले. मिडलने लढविलेल्या अशा खटल्यांची हकीकत देऊन गॉफ ग्रंथ संपवितो.

अनेक वाचकांना हा भाग मूळ ग्रंथाला जोडलेले शेपूट वाटण्याचा संभव आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते तो ग्रंथाचा तार्किक शेवट आहे. ‘गावात कोणाची जागा कोणती’ या प्रश्नाने सुरू झालेले लेखन ‘गावात कोणाला जागाच नाही’ या प्रश्नापाशी पोहोचते. फरक इतकाच की, बाकावरील माणसाची गॉफ कथा सांगतो, तर बाकाबाहेरील माणसाचा खर्च सांगतो. कोंबडीचोर ॲस्टनला त्याच्या ग्रंथात स्वभाव आहे; सीमेपलीकडे पाठविल्या जाणाऱ्या गरिबाला केवळ खटला आहे. सहानुभूती आणि नागरिकत्व यांचे हे नाते गॉफच्या लक्षात आलेले दिसत नाही, पण आपल्या लक्षात यावयास हवे.

नावानिशी लिहिण्याचे नैतिक उत्तरदायित्व

शेजाऱ्यांच्या पूर्वजांची व्यसने, चोऱ्या, अनौरस संबंध नावानिशी लिहिण्याचा अधिकार गॉफला कोणी दिला? या आक्षेपाची त्याला जाणीव होती. आपण द्वेषबुद्धीने काहीही लिहिलेले नाही, आणि पूर्वजांच्या दुर्वर्तनाचा उल्लेख ज्यांना बोचेल त्यांनी स्वतःच्या नावास कलंक लागणार नाही असे वागावे, अशा आशयाचे उत्तर तो देतो. हे उत्तर पुरेसे आहे काय? लिहिणारा स्वतः मधल्या बाकावरील प्रतिष्ठित शेतकरी आहे आणि ज्यांच्याविषयी तो सर्वाधिक मोकळेपणाने लिहितो ते बव्हंशी मागच्या बाकांवरील आहेत, हे विसरून चालणार नाही. मात्र पुढच्या बाकांनाही त्याने सर्वस्वी मोकळे सोडलेले नाही, हेही मान्य करावे लागते. शिवाय ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 111 वर्षांनी छापला गेला. त्यामुळे हा प्रश्न त्याच्या हयातीत चव्हाट्यावर आला नाही. आजच्या स्थानिक इतिहासकाराला ही सवलत नाही. त्याने लिहिलेले त्याच वर्षी गावात वाचले जाते. म्हणून आपण बहुधा गौरवाचा सुरक्षित मार्ग स्वीकारतो आणि खरा इतिहास पारावरच्या गप्पांपुरता ठेवतो. गॉफचे उत्तर अपुरे असले तरी त्याने प्रश्न टाळला नाही, हे त्याचे मोठेपण होय.

स्वयंपूर्ण खेड्याच्या कल्पनेची तपासणी

गॉफच्या ग्रंथाचे आणखी एक महत्त्व आहे. मिडलमधून लंडनला गेलेल्या माणसांचे उल्लेख तो इतक्या सहजपणे करतो की, ते त्या काळी नवलाचे नव्हते हे उघड होते. गावाच्या कडेच्या रानात बाहेरून आलेली कुटुंबे झोपड्या बांधून राहत होती आणि गावातील मुले शेकडो मैल दूर जात होती. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राहणारे, बाह्य जगाशी संबंध नसलेले खेडे हे किमान मिडलपुरते तरी कल्पनाचित्रच ठरते. भारतात विधी सदस्य म्हणून काम केलेल्या सर हेन्री मेन यांनी 1871 मध्ये पूर्व व पश्चिमेकडील ग्रामसमुदायांवर ग्रंथ लिहून दोन्हीकडील खेड्यांना एका प्राचीन सामूहिक व्यवस्थेच्या चौकटीत बसविले. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 1915 मधील ‘गावगाडा’ने मराठी खेड्याची घडण वतने आणि बलुती यांच्या अंगाने उलगडली. गॉफपाशी अशी चौकट नाही. त्याच्यापाशी माणसे आहेत. चौकटीशिवाय माणसे विखुरतात हे जितके खरे, तितकेच माणसांशिवाय चौकट पोकळ राहते हेही खरे.

समारोप

एच. पी. आर. फिनबर्ग यांनी 1952 मध्ये लेस्टर येथे स्थानिक इतिहासकाराचे कार्य सांगताना एखाद्या समुदायाचा उगम, विकास, ऱ्हास आणि अस्त हा त्याचा विषय असल्याचे प्रतिपादन केले. त्यापूर्वी अडीचशे वर्षे एका शेतकऱ्याने, कोणत्याही विद्यापीठाच्या आधाराविना, हेच कार्य घराघराच्या पातळीवर केले होते. त्याची दृष्टी नैतिक पूर्वग्रहांनी मर्यादित होती, स्त्रियांविषयी ती अनुदार होती आणि आसनाबाहेरच्या माणसांपाशी ती थांबत होती. परंतु गावाचा इतिहास म्हणजे गावातील सर्व घरांचा इतिहास, हे तत्त्व त्याने कृतीने सिद्ध केले.

आपल्या विद्यार्थ्यांना गावाचा इतिहास लिहावयास सांगताना गॉफचा एक धडा घेता येईल. प्रथम गावाचा आराखडा काढावा, प्रत्येक घर त्यात दाखवावे आणि एकही घर न वगळता लिहावे. त्यानंतर गॉफने जे केले नाही तेही करावे. आराखडा पूर्ण झाल्यावर, त्यात ज्यांना जागा मिळाली नाही अशी माणसे कोण, याची चौकशी करावी. गावाच्या इतिहासाचे उरलेले पान बहुधा तेथेच सापडेल.